मुलगा आठवडाभर आला नाही तरी मोडणार नाही असा चित्रपट

प्रश्न थोडक्यात असा आहे: गरिबीत राहणाऱ्या १७ ते २२ वयाच्या पाच-सहा मुलामुलींबरोबर साधारण ७० मिनिटांचा प्रयोगशील स्वतंत्र चित्रपट करायचा आहे. व्यावसायिक नट नाहीत, युनिट चौघांचं, पैसे तुटपुंजे. गोष्ट सरळ रेषेत सांगायची नाही एवढं नक्की आहे. पण आकृतिबंध, म्हणजे चित्रपटाची रचना, कोणता घ्यावा आणि चित्रीकरण कसं बांधावं, हे ठरत नाहीये.

आकृतिबंध दुसऱ्यांचे प्रयोगशील चित्रपट पाहून ठरवू नका, या मुलांच्या वेळापत्रकावरून ठरवा. मिळेल ते काम करणाऱ्याची पाळी आदल्या रात्री बदलते. फोन बंद पडतो, राहती खोली सोडावी लागते, ठरलेला शर्ट भाऊ घालून गेलेला असतो, केस कापलेले असतात. नेहमीच्या पद्धतीची कंटिन्युइटी म्हणजे ४० दिवस तोच माणूस, तेच केस, तोच शर्ट, तीच खोली. ते जमवायला पगारी नट आणि कपडेपट लागतो. तुमच्याकडे दोन्ही नाही. तेव्हा पहिली कसोटी एवढीच ठेवा: यांच्यापैकी कोणीही आठवडाभर आलं नाही, किंवा मधूनच कायमचं निघून गेलं, तर चित्रपट उभा राहतो का? राहत नसेल तर आकृतिबंध बदला. मुलाला वीस फोन करून काही साधत नाही.

या कसोटीला उतरणाऱ्या तीन रचना आहेत. पहिली खंडांची: प्रत्येक खंड एका व्यक्तीचा किंवा एका जागेचा, ८ ते १२ मिनिटांचा, दोन-तीन दिवसांत चित्रित होऊन तिथेच पुरा होणारा. एक खंड गळाला तरी बाकीचे उरतात. दुसरी रचना नियमाची: तीच वाट, तीच वेळ, ठरावीक लांबीचा एकच शॉट, आणि तो अनेक दिवस. यात माणूस बदलला तरी नियम चालू राहतो, आणि त्या दिवशी कोण आलं नाही हेही पडद्यावर दिसू शकतं. तिसरी, माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी, म्हणजे चित्र आणि आवाज वेगळे करण्याची. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रूश यांनी 'म्वा, अँ न्वार' (१९५८) मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरातल्या त्रेशव्हिल भागात पोटासाठी आलेल्या नायजरच्या तरुणांना चावी द्यायच्या १६ मिमी कॅमेऱ्यावर आवाजाविना टिपलं आणि नंतर तेच चित्रीकरण दाखवून त्यांच्याकडून उत्स्फूर्त निवेदन करून घेतलं. तरुणांनी स्वतःसाठी सिनेमातली टोपणनावं घेतली होती. त्यातला मुख्य आवाज उमारू गांदा यांचा. ते पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. तेव्हा ही तांत्रिक अडचणीतून निघालेली वाट होती. तुम्हाला तिचे तीन फायदे आहेत: चित्रीकरणाच्या वेळी गोंगाटाची धास्ती राहत नाही, टोपणनावामुळे खरा माणूस काही प्रमाणात झाकला जातो, आणि दृश्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे जातो.

रचना ठरली की तिचे नियम एका कागदावर लिहा. चार-पाचच. प्रत्येक नियमाला त्यांच्या जगण्यातलं कारण असलं पाहिजे. 'सगळे शॉट तिरके' या नियमाला तसं कारण नाही. 'आतून कोणी बोलावल्याशिवाय कॅमेरा उंबरा ओलांडत नाही' याला आहे. 'खोलीत कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला' यालाही आहे, कारण लहान खोलीत सगळे जमिनीवर बसतात आणि उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतलेला शॉट त्यांच्याकडे वरून पाहतो. नियम कागदावर छान दिसतात आणि पडद्यावर कंटाळा आणतात, म्हणून आधी दोघांना घेऊन तीन-चार मिनिटांचा तुकडा चित्रित करा, संकलित करा आणि त्यांनाच दाखवा. इथे जे खटकेल ते ७० मिनिटांत दहापट खटकेल.

आता गरिबी दाखवण्याबद्दल. १९७० च्या दशकात कोलंबियात कार्लोस मायोलो आणि लुइस ओस्पिना या दिग्दर्शकांनी गरिबांची दुर्दशा विकणाऱ्या चित्रपटांसाठी 'पोर्नोमिसेरिया' हा शब्द चालवला आणि त्या धंद्यावरच एक खोटा माहितीपट रचला. त्यांचा आरोप आजही लागू पडतो, आणि प्रयोगशील म्हणवणाऱ्यांना जास्तच. धुरकट फोकस, गळकं छत, अनवाणी पाय, मंद गती आणि वर एक लांब सूर, एवढ्यावर वीस मिनिटं सहज निघतात आणि एकाही माणसाची ओळख होत नाही. याला एक अगदी हिशेबी उपाय आहे. प्रत्येक पात्राची पैशांची वही ठेवा. प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला त्याच्या खिशात किती आहेत, कोणाचे देणे आहेत, कोणाकडून येणे आहेत, पुढचे पैसे कधी हाती पडणार. ही वही प्रेक्षकाला दिसत नाही, पण दृश्य लगेच बदलतं. बसने जायचं की चालत, कोणाचा फोन उचलायचा आणि कोणाचा नाही, फोन कोणाकडे चार्ज करायचा, मित्राबरोबर बाहेर जायचं टाळताना कोणतं कारण सांगायचं, हे सगळं आकड्यातून निघतं. वही नसलेल्या चित्रपटात पात्रं नुसती उदास असतात.

दुसरी हमखास चूक कपड्यांची. गरीब तरुण म्हणजे मळके कपडे, असं धरून कपड्यांना डाग पाडले जातात. या वयाची मुलं असलेल्या दोन शर्टांची फार काळजी घेतात आणि बुटावरची धूळ सारखी पुसतात. त्यांना त्यांचेच कपडे घालू द्या. हवाच असेल तर त्यातल्या एका शर्टासारखाच दुसरा शर्ट युनिटकडे ठेवा.

वाट पाहणं हा या विषयाचा गाभा आहे: कामासाठी, पैशासाठी, फोनसाठी, कोणाच्या तरी सहीसाठी. लांब शॉट इथे शोभतो, पण तो नुसता लांब असून चालत नाही. साधारण ४० सेकंदांनंतर चौकटीत काही बदललं नाही तर प्रेक्षक पात्राला सोडून दिग्दर्शकाचा विचार करू लागतो. बदल आवाजातला असला तरी पुरतो. दाराबाहेर पावलं येऊन परत गेली, एवढ्यावर शॉट आणखी मिनिटभर तगतो.

पैसे आणि संमती हा भाग कंटाळवाणा म्हणून शेवटी ढकलला जातो आणि मग तिथेच चित्रपट अडकतो. तालमीपासून प्रत्येक दिवसाचे पैसे द्या, त्याच दिवशी द्या, सगळ्यांना सारखे द्या. त्या दिवशी बुडालेल्या कामाचे जेवढे मिळाले असते त्याहून कमी कधीच नको. येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च वेगळा. 'चित्रपट विकला गेल्यावर देऊ' म्हणजे जोखीम सर्वांत गरीब माणसाच्या गळ्यात बांधणं. पुढे उत्पन्न झालं तर वाटा किती, हे टक्क्यांत लिहून ठेवा.

संमती तीनदा घ्या: चित्रीकरणाआधी, कच्चं संकलन पाहिल्यावर आणि प्रदर्शनाआधी. कागद त्यांच्या बोलीत असावा, मोठ्याने वाचून दाखवावा आणि वाचतानाचं ध्वनिमुद्रण ठेवावं. १८ खालच्यांसाठी पालकांची सही लागतेच, पण सहीवर भागवू नका. मुलाचा स्वतःचा होकार वेगळा विचारा. कामाच्या तासांचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, ते आधी तपासा. कथा काल्पनिक असली तरी पडद्यावरचा चेहरा खरा असतो. त्याने काल्पनिक चोरी केली तर मालक, घरमालक आणि पोलीस ती खरी धरू शकतात. म्हणून असले प्रसंग कृतीत न दाखवता बोलण्यात आणा, खरी नावं टाळा, दारावरचे क्रमांक, ओळखपत्रं, गाड्यांचे नंबर चौकटीत येऊ देऊ नका.

हेक्टर बाबेन्को यांच्या 'पिशोते' या ब्राझीलच्या चित्रपटात प्रमुख भूमिका करणारा फर्नांदो रामोस दा सिल्वा साव पावलोच्या गरीब उपनगरातून निवडलेला मुलगा होता. चित्रपट जगभर गेला. तो मात्र त्याच परिस्थितीत परतला आणि १९८७ मध्ये १९ व्या वर्षी पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. दोष एकट्या चित्रपटाचा, असं म्हणणं सोपं आणि अर्धवट होईल. पण चित्रीकरण संपल्यावर या मुलांशी संपर्क कोण ठेवणार, किती महिने, आणि त्याचा खर्च कुठून, हा रकाना अंदाजपत्रकात हवाच. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!' (१९८८) नंतर रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. एवढं मोठं काम प्रत्येकाला जमणार नाही. चौघांपैकी एकाने वर्षभर फोन उचलायचा आणि गरजेला भेटायचं, हे मात्र जमतं.

तालमी चित्रीकरणाआधी तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा, दोन-अडीच तास. संवाद पाठ करायला देऊ नका. दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन एकाला 'आज पैसे परत घ्यायचेच आहेत' आणि दुसऱ्याला 'आज तो विषय निघू द्यायचा नाही' एवढंच सांगा. दहा मिनिटं चालू द्या, ध्वनिमुद्रण करा, उतरवून काढा आणि त्यातून एका पानाचं दृश्य बांधा. सेटवर त्या पानातल्या तीनच गोष्टी पक्क्या ठेवा: दृश्यात शिरतानाचं वाक्य, दृश्य जिथे वळतं ती जागा, आणि शेवट. मधलं त्यांचं.

अनुभव नसलेल्यांचे पहिले दोन टेक बहुधा चांगले असतात. पाचव्या-सहाव्या टेकला ते आधीच्या टेकची नक्कल करू लागतात. तेव्हा 'पुन्हा एकदा' म्हणू नका, काम बदला: भांडताना सायकलची चेन बसवायला द्या, किंवा समोरच्याला गुपचूप नवी सूचना द्या. नजर कॅमेऱ्याकडे जात असेल तर बहुतेक वेळा कारण युनिटच असतं: बूम (काठीवरचा माइक) हलतो, कॅमेरामन हसतो, कोणी घड्याळ पाहतं. हाताला काम, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा बंद आणि सहा-आठ मिनिटांचे लांब टेक, एवढ्यात नजर स्थिरावते. क्लॅपच्या आवाजाने कोणी दचकत असेल तर क्लॅप टेकच्या शेवटी द्या. आणि रडू यावं म्हणून कोणाचं खरं दुःख उकरून काढू नका. थांबण्याचा एक शब्द आधी ठरवा. तो कोणीही उच्चारला की कॅमेरा बंद, कारण विचारायचं नाही.

कॅमेरा एक, लेन्स दोन. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर) कॅमेऱ्यावर २८ किंवा ३५ आणि ५० मिमी. लहान खोलीत ८५ मिमीला मागे सरकायला जागाच उरत नाही, आणि २४ च्या खाली गेलात तर कडेचे चेहरे ताणले जातात. हातात धरायचा कॅमेरा फार हलका नको. अडीच ते चार किलोचा कॅमेरा श्वासाबरोबर हलतो. अर्ध्या किलोचा थरथरतो, आणि ती थरथर मोठ्या पडद्यावर डोळ्याला त्रास देते. खोलीत दिव्यांचे स्टँड नेऊ नका, असलेल्या होल्डरमध्ये जास्त वॉटचा, रंग नीट दाखवणारा बल्ब लावा.

दिवे पडद्यावर लुकलुकण्याचा प्रश्न मात्र आधीच सोडवा. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला २५ फ्रेमला १/५० सेकंदाचं शटर बरोबर बसतं. २४ फ्रेमवर १/४८ ठेवलंत तर पट्टे दिसू शकतात. तिथे, शटर अंशांत मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर, १७२.८ अंश ठेवा, म्हणजे पुन्हा १/५०. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६०. स्वस्त एलईडी आणि डिमरवरचे दिवे एवढं करूनही फसवतात, म्हणून प्रत्येक जागी दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती मोठ्या स्क्रीनवर पाहा. २४ की २५ हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्या. बहुतेक चित्रपटगृहांची व्यवस्था २४ ची असते. २५ वरचा चित्रपट २४ वर आणला की सुमारे चार टक्के मंदावतो, ७० मिनिटांचे जवळजवळ ७३ होतात, आणि स्वर न सुधारल्यास सगळे किंचित खर्जात बोलतात.

मोबाइलवर चित्रपट होतो, हे शॉन बेकर यांच्या 'टँजेरिन' (२०१५) ने दाखवलं. पण लोक विसरतात ते असं की आयफोन ५एसवर रुंद चौकट देणारा अ‍ॅनामॉर्फिक अडॅप्टर होता, वेगळं अ‍ॅप होतं आणि आवाज स्वतंत्र यंत्रावर घेतलेला होता. मोबाइलवर एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स आणि फ्रेम रेट कुलूपबंद करा. अनेक फोन बदलत्या फ्रेम रेटने चित्रण करतात. तसं झालं तर टाइमलाइनवर आवाज हळूहळू चित्राच्या पुढेमागे सरकतो आणि कारण सापडत नाही. संकलनाआधी अशा फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

मुलांच्या हाती फोन देऊन त्यांना चित्रण करायला लावणं ही आता रूढ कल्पना झाली आहे. 'तुझं आयुष्य टिप' असं सांगितलंत तर सेल्फी आणि सूर्यास्त येतात, त्यात त्यांचा दोष नाही. काम नेमकं द्या: 'रोज जे मोजावं लागतं त्याचा एक शॉट, एक मिनिट, फोन न हलवता.' आडवं की उभं हे आधी ठरवा. उभं आलंच तर मोठं करून कापू नका, दोन्ही बाजू काळ्या ठेवून तसंच लावा. फाइल दर दोन दिवसांनी उतरवून घ्या, कारण तो फोन विकला जाण्याची, गहाण पडण्याची किंवा फुटण्याची शक्यता धरूनच चालायचं. आणि फोन युनिटने दिला असेल तर तो नंतर त्यांचाच, हे पहिल्या दिवशी सांगा.

साठवणुकीचा हिशेब: १०० मेगाबिट प्रति सेकंद दराने ताशी ४५ जीबी. ७० मिनिटांच्या चित्रपटाला वीसपट चित्रण धरलं तर सुमारे २३ तास, म्हणजे एक टीबीच्या थोडं वर. तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या घरात. दोन प्रती चेकसमने (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे दाखवणाऱ्या आकड्याने) पडताळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. १६ मिमी फिल्मचा मोह असेल तर ४०० फुटांचं रीळ २४ फ्रेमने जेमतेम ११ मिनिटं चालतं, हे आठवा. वीसपटीला सुमारे १२६ रिळं. एखाद्या खंडापुरती फिल्म ठेवा.

आवाजात असे चित्रपट जास्त मार खातात. अंधुक चित्र शैली म्हणून खपतं, न कळणारा आवाज खपत नाही. यंत्रसामग्रीच्या भाड्यातला निदान तिसरा हिस्सा आवाजावर लावा. प्रत्येक बोलणाऱ्याला लेपल (कपड्याला लावायचा) माइक, शिवाय बूम तोंडापासून ४० ते ६० सेंटिमीटरवर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची पातळी उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास. पातळ भिंतींच्या वस्तीत शेजारचा टीव्ही बंद करता येत नाही, आणि करायला सांगूही नये. त्याऐवजी पंखा, नळ, रस्ता, शेजारची भांडी अशा प्रत्येक आवाजाचं जवळून तीन-चार मिनिटं वेगळं ध्वनिमुद्रण करा. मग मिश्रणात तो गोंगाट तुम्हाला हवा तिथे आणि हवा तेवढा ठेवता येतो. प्रत्येक जागेचा मिनिटभर रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, तर हवाच.

संवादामागे वाजणारं गाणं हा सापळा आहे. चार्ल्स बर्नेट यांचा १९७० च्या दशकातला 'किलर ऑफ शीप' गाण्यांचे हक्क नसल्यामुळे तीसेक वर्षं रीतसर प्रदर्शित होऊ शकला नाही. २००७ मध्ये तो चित्रपटगृहांत आला, तेव्हा फक्त गाण्यांच्या हक्कांना सुमारे दीड लाख डॉलर लागले होते. एका गाण्याला दोन परवानग्या लागतात: रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. त्यामुळे टेक चालू असताना कोणाच्या फोनवर गाणं वाजलं तर टेक थांबवा. मुलांपैकी कोणी स्वतः रचून गात असेल तर ते वापरा, पण हक्क त्याच्या नावावर ठेवून आणि वेगळे पैसे देऊन.

तिसऱ्या रचनेसाठी निवेदन करून घेण्याची रीत: शांत खोली, भिंतींवर जाड चादरी, माइक १५ ते २० सेंटिमीटरवर. चित्रण तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत दाखवा आणि पहिल्यांदा पाहतानाचंच बोलणं मुद्रित करा, मध्ये थांबवू नका. दुसऱ्या वेळी ते जास्त सुसंगत बोलतात आणि तेवढंच निर्जीव. मग दोघांना एकत्र बसवा: एकाच्या आठवणीला दुसरा 'असं नव्हतं' म्हणतो, आणि तिथे चित्रपट सापडतो.

संकलनात पहिली जुळणी तीन तासांची होईल, घाबरू नका. मात्र दिवसाचे रशेस, म्हणजे कच्चं चित्रण, त्याच रात्री लॉग झाले (नोंदले गेले) पाहिजेत, नाहीतर नोंदी नसलेल्या ढिगात दोन महिने जातात. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला चित्रपटाचा नियम कळायला हवा. तोच नियम तीनदा दिसला की तो शिकतो. त्यानंतर मोडलात तर जाणवतं. आणि रचना कितीही सुटी असली तरी मोजता येईल असा एक धागा ठेवा: अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरायची आहे, एवढा पुरे. तो नसला की संकलक शेवटी संगीताचा आधार घेतो.

कच्चं संकलन आधी फक्त मुलांना दाखवा, युनिटमधला एकच जण हजर ठेवून. दोन प्रश्न विचारा: कुठे खोटं वाटतं, आणि काय लोकांना दिसू नये. दुसऱ्याच्या उत्तरात जे येईल ते वाद न घालता काढा. त्यानंतर सहा-आठ अनोळखी लोकांना दाखवा आणि आवडलं का हे न विचारता 'काय घडलं ते सांगा' म्हणा.

लांबीबद्दल: ४५ ते ५५ मिनिटांचा चित्रपट बहुधा लघुपटातही बसत नाही आणि पूर्ण लांबीच्या गटातही अडतो. किमान लांबी महोत्सवागणिक बदलते आणि बऱ्याच ठिकाणी ६० किंवा ७० मिनिटं असते, तेव्हा ७० च्या वरच राहा. सबटायटल दोन ओळींत, प्रत्येकी ४० अक्षरांच्या आत. मुलांची बोली तिथे साफसूफ करू नका. भाषांतराच्या वेळी त्यांच्यापैकी एकाला पैसे देऊन शेजारी बसवा, कारण शिवी कुठे रागाची आहे आणि कुठे लाडाची, हे त्यालाच ठाऊक असतं. इंटरनेटवर टाकण्याची परवानगी महोत्सवाच्या परवानगीहून वेगळी घ्या आणि तिला मुदत घाला, एक वर्षाची. महोत्सवातला प्रेक्षक त्यांना ओळखत नाही. नेटवर मात्र पुढच्या नोकरीचा मालकही चित्रपट पाहू शकतो. मुदत संपली की पुन्हा विचारायचं, आणि कोणी नको म्हणालं तर त्याचा खंड काढून नवी प्रत चढवायची. खंडांची रचना घेतली असेल तर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.